आवक झालेली होडी

आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. बसूच नये अशी ती गोष्ट आहे. मी बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलो, आणि थेट घराच्या वरून गेलो, माळवदाच्याही वरून, तरी सासुरवाडीत कुणाला पत्ता लागला नाही. गेलो होडीतून. होडी कागदाची. कागदावर सरकारी शिक्का. एवढं ऐकून आजवर तीन माणसं चहा अर्धा टाकून उठून गेलीत. तुम्ही बसा. सारजा, म्हणजे आमची मंडळी, आत शेंगा फोडत बसलीय, तिचे हात मोकळे व्हायला वेळ आहे, तोवर आपण निवांत बोलू.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की एकतीस वर्षं मी पाण्याच्या खात्यात कारकून होतो आणि मला पोहता येत नाही. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या खात्यात पाणी कागदावरच असायचं, आणि त्यात मी चांगला पोहायचो.

तर ऐंशी-एक्याऐंशीचा हिवाळा. धरण भरून भीमेचं पाणी इंदापूर तालुक्यात लांबवर पसरलं होतं आणि त्यावर रोहित पक्षी उतरायला लागले होते. ते मोजायला परदेशातून एक साहेब आला. खात्यानं त्याच्या दिमतीला मला दिलं, माझं इंग्रजी चांगलं म्हणून. म्हणजे मी 'यस' चांगलं म्हणायचो. साहेबाकडे एक सतरा फूट लांब, चिंचेच्या आकड्यासारखी दोन्हीकडे निमुळती होडी होती. आत लाकडी काठ्यांच्या फासळ्या, वरून ताणलेलं जाड कापड, आणि बसायला दोन भोकं. बर्फाच्या मुलखातली माणसं म्हणे अशी होडी सांगाड्यावर कातडं ताणून करतात. तिचं नाव कयाक. त्या दोन भोकांतून पाय लांब करून बसून आम्ही पक्षी मोजले. अकरा हजार चारशे बारा भरले. तेरावा लाजून मागे उभा होता, तो मी साहेबाला दाखवला, म्हणून चारशे तेरा.

जाताना साहेबानं ती होडी सुटी करून दोन पिशव्यांत भरली आणि माझ्या हवाली केली. पुढच्या थंडीत येतो, कोरड्यात ठेव, म्हणाला. मी 'यस' म्हणालो. त्यानंतर चाळीसवर थंड्या आल्या, साहेब आला नाही.

होडी बारामतीच्या आमच्या घरात माळ्यावर पडली. "माळ्यावर काय आहे?" असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "कयाक." सारजा म्हणायची, "काय की." घरात तेच नाव पडलं. दिवाळीची झाडलोट आली की ती ओरडायची, "अहो, ते काय की जरा सरकवा." पाहुण्यांना वाटायचं, या घरात नवराबायकोला माळ्यावर काय आहे तेच ठाऊक नाही.

आता मुद्द्याचं. सारजेचं माहेर आंबेथडी. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिचा भाऊ सोपान निमगाव केतकीला जमीन मिळाली तिकडे गेला, डाळिंब लावून बसला. पन्नास वर्षांच्या संसारात सारजेनं माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. (तिला आठवतं, पण ती यादी वेगळी.) दोन वर्षांमागे तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, आता हे वाकायचे नाहीत. रिक्षातून घरी येताना पाय समोर ताठ धरून ती बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली,

"एकदा आमच्या घरावरनं जाऊन यायचं व्हतं. ऱ्हायलं."

ती 'जायचंय' म्हणाली असती तर मी विसरून गेलो असतो. ती 'ऱ्हायलं' म्हणाली. एखादी फाइल बंद करतात तसं.

मासेमाऱ्यांच्या होड्या तिथं पुष्कळ आहेत. पण त्यांत चढायचं तर काठावरून पाय टाकावा लागतो, आणि आत उकिडवं बसावं लागतं. वाकत नसलेल्या गुडघ्यांना ते कसं जमणार? रिक्षा कॉलनीत वळली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबाच्या होडीत पाय लांब करूनच बसायचं असतं!

मी तिथंच जाहीर केलं, "तुला मी नेतो. आपल्या होडीतून."

सारजा म्हणाली, "आजवर तुमी बोललेलं एक तरी खरं झालंय का?"

"हे होईल."

"बघू."

आमच्या घरात 'बघू' हा निकाल असतो, त्यावर अपील नाही.

माळ्यावरून पिशव्या काढल्या. कापड उंदरांनी खाल्लेलं. ते अपेक्षितच होतं. पण फासळ्या असायला हव्यात तेवीस, निघाल्या नऊ. मी सारजेकडे पाहिलं. सारजेनं दुधीच्या मांडवाकडे पाहिलं. तिथं तीन होत्या. चाळीस वर्षं ही बाई माळ्यावरून एकेक काठी काढून संसाराला लावत होती. दोन मच्छरदाणीला. एक वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी उचलून धरायला. सर्वांत लांब काठीला आकडा बांधून तिनं वीस उन्हाळे आंबे उतरवले होते. मी म्हणालो, "अगं, हा होडीचा कणा आहे!" ती म्हणाली, "मग काय झालं, आंबं निघतात की त्यानं."

एक फासळी शेजारच्या सरुबाईंच्या खुराड्यात निघाली. सरुबाईंनी दारातच अडवलं.

"तात्या, कोंबडी अंड्यावर बसलीया. एकवीस दिवस काय हलवायचं न्हाय."

"सरुबाई, फक्त एक काठी."

"तिच्याच आधारानं बसलीया की ती."

म्हणजे जगात जहाजं कशाकशासाठी थांबली असतील, माझं एका खुडूक कोंबडीसाठी थांबलं. एकवीस दिवसांनी नऊ पिल्लं बाहेर आली, माझी राहिलेली फासळी बाहेर आली. ती धुतली किती वेळा ते विचारू नका.

सांगाडा अंगणात मांडला तेव्हा कॉलनीतली कुत्री येऊन त्याच्याभोवती आदरानं बसली. आमचे दुसरे शेजारी नागेशराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, पण लोकांना जोडून द्यायची सवय गेलेली नाही. ते रोज सकाळी कुंपणाशी उभे राहून सांगायचे, "तात्या, तुमचं पुढचं टोक मागं झालंय." दुसऱ्या दिवशी मी फिरवून ठेवलं की म्हणायचे, "आता मागचं पुढं झालंय." होडी दोन्हीकडे सारखीच असते हे मी त्यांना समजावलं. त्यावर ते म्हणाले, "मग ती जाणार कुणीकडं हे तिला कसं कळणार?" खरं सांगतो, मी रात्रभर त्याचा विचार केला.

बांधाबांधीला सोनबा आला. सोनबा शेळगावचा. उभी हयात मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा नि वर यायचा, आता सहा शेळ्यांवर आलाय. त्यानं लोकरीच्या सुतळीनं फासळ्या आवळल्या. साहेबाच्या पितळी खिळ्यांची आठवण होणार नाही अशा आवळल्या. म्हणाला, "तात्या, ही गाठ भिजली की अजून घट्ट व्हती. माणसाचं उलटं हाय."

राहिलं कातडं. सोनबानं हिशेब मांडला, बोकडाची तीस कातडी लागतील. सारजा आतून म्हणाली, "चामड्यात बसून मी माहेराला जायाची न्हाय." मग मांजरपाट आणला. तिनं मशिनवर शिवला, सांगाड्यावर चढवला, आणि घोंगडीला देतात तशी चिंचोक्यांची खळ सोनबानं त्यावर तीन हात दिली. दोन दिवस उन्हात होडी वाळली. टिचकी मारली की हलगीसारखी वाजायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याशेजारी खाट टाकून पडलो, एक हात तिच्या अंगावर ठेवून. खळीचा आंबूस वास, वर कडुनिंब हलतोय, आणि डोळे मिटले की खाट हळूच सुटून पाण्यावर लागतेय असं वाटायचं. लांबवर पाणी. पाण्यात उभी गुलाबी पाखरं. कुणीतरी चावत असल्याचा आवाज.

मी डोळे उघडले. सोनबा त्याच्या शेळ्यांना होडी दाखवायला घेऊन आला होता. चिंचोक्यांची खळ शेळीला म्हणजे तुम्हाआम्हाला पुरणपोळी. डावी बाजू पूर्ण गेली होती, उजवीवर दोघी भिडल्या होत्या.

"आरं सोनबा, हाकल त्यांना!"

"ऱ्हाऊ द्या आता तात्या," सोनबा खाली बसत म्हणाला, "इतकं खाल्लंय तर पोट तरी भरू द्या बिचाऱ्यांचं."

ही बातमी निमगावला पोचली तसा सोपान मोटारसायकलवर आला. सांगाडा बघितला, बहिणीच्या हातचा चहा घेतला, आणि म्हणाला, "दाजी, कापडाच्या नादी कशाला लागला? माझ्याकडं कागद पडलाय की."

इथं एक खुलासा केला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण या शब्दानं झालं. शेततळ्यातलं पाणी मुरू नये म्हणून तळाला जाड काळं प्लास्टिक अंथरतात ना, त्याला आमच्याकडे कागद म्हणतात. कोण म्हणालं पहिल्यांदा, देव जाणे. पाचशे मायक्रॉनचा कागद. बैल चालवला तरी फाटत नाही. सोपानच्या शेततळ्याचा उरलेला तुकडा होता, तो आला. सोबत कागद जोडणारा माणूसही आला. तो गरम हवेच्या यंत्रानं दोन कडा अशा चिकटवतो की सांधा शोधून सापडत नाही. दुपारपर्यंत माझी होडी काळी कुळकुळीत होऊन अंगणात पडली. शेळ्या आल्या, हुंगल्या, निघून गेल्या. मला तेव्हाच कळलं, आता जमलं.

पण कॉलनीत काय पसरलं? तात्या कागदाची होडी करतायत.

संध्याकाळी नागेशराव आले. नेहमी कुंपणाशी उभे राहणारा माणूस आज आत येऊन बसला.

"तात्या, कानावर आलं. कागदाची होडी करताय म्हणे."

"हो."

"मोठी?"

"सतरा फूट."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग फार मायेनं म्हणाले, "झोप लागते ना?"

दुसऱ्या दिवशी सरुबाई वाटीभर शिरा घेऊन आल्या आणि सारजेला आत घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "त्यास्नी एकटं सोडू नगा." बाजारात लोक मला आधी नमस्कार करायला लागले. एकतीस वर्षांच्या नोकरीत जो मान मिळाला नाही तो वेडा झाल्याच्या बातमीनं मिळाला. पण तो माझ्या मनाला लागला. मी कुणाला खुलासा दिला नाही. पाण्यावर उतरलो की बघतील म्हटलं.

पाण्यावर उतरायला परवानगी लागते. सोपाननंच सांगितलं, हल्ली विचारतात. कचेरीचं नाव मी सांगत नाही, पेन्शनचे कागद अजून तिथूनच हलतात. खिडकीपाशी योगिनी म्याडम होत्या. नव्याच आलेल्या, तरण्या, आणि कामाला चोख. मी अर्ज पुढे केला.

"सोबत कागद?"

"आहे."

"जोडलाय?"

"जोडलाय. गरम हवेनं. पाणी शिरत नाही."

म्याडमनी चष्म्यावरून पाहिलं. "किती पानं?"

"एकच. सलग."

"मूळ आहे की झेरॉक्स?"

मी जरा दुखावून म्हणालो, "मूळ आहे. पाचशे मायक्रॉन."

"मग आणा. मूळ कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी अर्ज घेत नाही, काका."

हे वाक्य मी स्वतः एकतीस वर्षं लोकांना ऐकवलेलं. त्याला उलट उत्तर नसतं हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सोपानच्या पिकअपमधून मूळ कागद कचेरीत नेला. दारातून आत घेताना तो एका खिडकीतून थोडा बाहेर काढून पुन्हा आत घ्यावा लागला. तीन टेबलांवर आडवा ठेवला. सगळी कचेरी उठून बघायला आली.

योगिनी म्याडम उठल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या. मला वाटलं, आता हसतील, किंवा हाकलतील. पण त्यांनी कागद आणा म्हटलं होतं आणि कागद आला होता. नियमानं वागणाऱ्या माणसाची अशी पंचाईत होते.

"घडी घालता येईल?"

"नाही."

त्यांनी शिक्का शाईत दाबला आणि होडीच्या नाकावर धाडकन मारला. खाली पांढऱ्या पेनानं लिहिलं : आवक क्रमांक ४०७. तारीख. सही.

"पुढच्या सोमवारी या."

मी खूश. सोपानला खूण केली, आम्ही होडी उचलायला गेलो. तेवढ्यात तिथला जुना शिपाई आडवा आला.

"तात्या, आवक झालेला कागद भाईर न्हेता येत न्हाय."

"अरे, ही होडी आहे!"

"नंबर पडायच्या आधी व्हती. नक्कल पायजे तर अर्ज करा. मूळ दप्तरी ऱ्हाणार." आणि त्यानं भिंतीकडे बोट केलं. तिथं फ्रेममध्ये परिपत्रक होतं, आवक कागद कोणत्याही सबबीवर परत न देणेबाबत. अक्षर माझं होतं. वळणदार, सुबक. कधी काळी त्या अक्षराचं वरिष्ठांनी कौतुक केलं होतं.

होडी दप्तरखान्यात गेली. वरच्या फळीवर, जुन्या पाणीपट्टीच्या गठ्ठ्यांशेजारी. मी दर सोमवारी जाऊन बघून यायचो. पहिल्या सोमवारी तिच्या पुढच्या भोकात एक छत्री होती. दुसऱ्या सोमवारी दोन डबे. तिसऱ्या सोमवारी एक स्वेटर विणायला ठेवलेला. चांगल्या वस्तूला माणसं लगेच कामाला लावतात हे मला नवीन नव्हतं.

पण दिवस निघून चालले होते. संक्रांत झाली. त्या पाण्याचं असं आहे की थंडीत ते नितळ असतं, भरलेलं असतं. उन्हं तापली की ओसरायला लागतं, मग आंबेथडीवर नुसता गाळ, आणि पावसाळ्यात सगळं गढूळ. म्हणजे पुढची थंडी. सारजा मला काही विचारत नव्हती. तिनं हिरवं लुगडं, खण, नारळ असं सगळं माहेराला न्यायचं म्हणून एका टोपलीत काढून ठेवलं होतं. एका सकाळी मी बघितलं, टोपली रिकामी होती. लुगडं ट्रंकेत गेलं होतं, आणि नारळ सारजा स्वयंपाकघरात किसत होती.

ती म्हणाली, "चटणी करते."

चटणी होईपर्यंत मी थांबलो नाही. मी कपडे केले आणि निघालो. एस.टी.त बसल्याबसल्या एकतीस वर्षांची सगळी अक्कल गोळा केली. आवक झालेला कागद परत मिळत नाही, बरोबर. मग तो कचेरीतून कधीच बाहेर पडत नाही का? पडतो की! जावक होऊन पडतो.

खिडकीवर नवा अर्ज ठेवला. आवक क्रमांक ४०७ वरील कागद पुढील पत्त्यावर पाठवण्यात यावा. सौ. सारजा, मुक्काम आंबेथडी, तालुका इंदापूर.

म्याडमनी संगणकात पाहिलं. "काका, हे गाव यादीत नाही."

"बुडीत गावांच्या यादीत बघा."

त्यांनी कपाटातून जाड रजिस्टर काढलं, धूळ उडवली, बोट फिरवलं. सापडलं.

"बुडीत गावाला टपाल जाणार कसं?"

"हस्ते."

"कुणाच्या हस्ते?"

"माझ्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिथं राहतं कोण?"

"कोणी नाही. बायकोचं घर आहे. होतं. तिला एकदा त्यावरून जाऊन यायचंय. गुडघे वाकत नाहीत, दुसऱ्या होडीत बसता येत नाही. यात पाय लांब करता येतात."

योगिनी म्याडम उठून दप्तरखान्यात गेल्या. आतून डबे उचलल्याचा आवाज आला. परत आल्या त्या हातात अर्धवट विणलेला स्वेटर घेऊन, तो त्यांचाच होता. जावक रजिस्टर उघडलं आणि चढ्या आवाजात म्हणाल्या,

"दोन लाइफजाकिटं मला इथं टेबलावर दिसली पाहिजेत. त्याशिवाय जावक नाही. मागं मासेमाऱ्याची एक होडी पाहिजे. आणि काका, पोहोच आणून द्यायची. सहीची. कागद दिलेल्या पत्त्यावर मिळाला म्हणून."

होडीच्या शेपटावर दुसरा शिक्का बसला. जावक क्रमांक एकशे अठ्ठावीस.

फेब्रुवारीतली ती सकाळ. पाण्यावर धुकं होतं, इतकं पातळ की फुंकर मारली तर सरकेल. काठावर सोपान, सोनबा, आणि हवा भरलेली ट्रकची ट्यूब घेऊन नागेशराव. होडी खरोखरची आहे हे बघून त्यांचा चेहरा थोडा पडला होता, पण ते लगेच सावरले. म्हणाले, "तात्या, पुढचं टोक आता बरोबर वाटतंय."

सोनबानं होडीच्या नाकावर भंडारा टाकला. आम्ही चौघांनी सारजेला हातखुर्चीवर उचलून पुढच्या भोकात अलगद सोडलं. तिनं पाय लांब केले. हिरवं लुगडं, त्यावर नारिंगी जाकीट, मांडीवर टोपली, टोपलीत नवा नारळ. मी मागे बसलो. वल्हं म्हणजे एक बांबू आणि त्याच्या दोन टोकांना बांधलेली प्लास्टिकची सुपं. मी एक सूप पाण्यात घातलं आणि ओढलं. होडी गेली. आवाज न करता गेली. मागच्या होडीतून सोपान आणि नागेशराव दोन वेगवेगळ्या दिशा ओरडत होते. सारजा मान न वळवता म्हणाली, "त्यास्नी लांब ठेवा. मला ठावं हाय कुठं जायाचं ते."

तिला ठाऊक होतं. समोरच्या टेकडीचं टोक आणि काठावरचा एकटा ताड एका रेषेत आले की वेस. तिथून डावीकडे. मी सुपं मारत होतो आणि ती सांगत होती, "हितं पार. हितं सुताराचं घर. आता दमानं, बोळ अरुंद हाय." आणि मी खरंच दमानं घेतलं, वल्हं अंगाशी धरून, कोपर कुणाच्या भिंतीला लागू नये म्हणून. रोहित पक्षी पलीकडे उथळात उभे होते. आम्ही गेलो तरी हलले नाहीत. गावात कुणी ओळखीचं आलं तर हलत नाही माणूस, तसे.

"थांबा," सारजा म्हणाली. "आलं."

मी सुपं वर घेतली. त्यांवरून पाणी थेंबाथेंबानं गळत होतं तेवढाच आवाज. होडी जागच्या जागी उभी. सारजेनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. म्हणाली, "हितं चूल." मी म्हणालो, "पोहोच द्यायचीय, सही कर." तिनं ओल्या हातानं कागदावर लिहिलं : मिळाला. सारजा. मुक्काम आंबेथडी. 'मुक्काम' या शब्दावर पाण्याचा थेंब पडून शाई पसरली, ती योगिनी म्याडमनी नंतर रेकॉर्डला तशीच घेतली.

मग तिनं नारळ सोडला आणि डोळे मिटले. मी कडेनं वाकून खाली बघितलं. आता इथं तुम्ही चहा खाली ठेवा. पाणी काचेसारखं होतं. काय सांगू तुम्हाला! बोळ दिसत होता. बोळात माशांची एक रांग खालमानेनं आडाकडे पाण्याला निघाली होती. माळवद जसंच्या तसं, त्यावर कुणी वाळत घातलेल्या कुरडयांसारखं पांढरं शेवाळ. गोठ्यात दावणीला एक मोठा मरळ मासा उभा, रवंथ करत. तुळशीपाशी शिंपल्यांची रांगोळी. आणि समोर सासऱ्यांचं दार. शिसवी दार, मोठ्या कडीचं, लग्नात त्याच दारात मला ओवाळलं होतं. दार आतून लावलेलं. म्हटलं, इतक्या लांब आलोय, जावई माणूस, न विचारता वरून जाणं बरं दिसत नाही. मी वल्ह्याचा बांबू हळूच खाली सोडला, खाली, अजून खाली, आणि त्याच्या टोकानं कडी वाजवली. टक. टक. आणि आतून सासऱ्यांचा आवाज, "कोण हाय?"

"आवो, काय बी काय सांगताय त्यास्नी!" सारजा शेंगांचं सूप तसंच हातात घेऊन दारात आली होती. "खोटं हाय हे! कडी कुठली वाजवली? पाणी यायच्या आधी माझ्या आबांनी दार चौकटीसकट उपसून गाडीत घातलं व्हतं, आन त्या दारावर बसून मी निमगावला आले. दारच न्हवतं तितं, तर वाजवत काय बसला? सरळ आत जायाचं व्हतं!"